माप कपड्यांवरूनच घेतात

मावशींचं दुकान म्हणजे घराची पुढची खोली. दार थेट रस्त्यावर, आत दोन मशिनं, एक पायाचं आणि एक ओव्हरलॉकचं, आणि भिंतीवर खिळ्यांना अडकवलेले कागदी साचे. मूळ धंदा शाळेच्या गणवेशांचा. शाळा सुरू व्हायच्या आधीचे दोन महिने मान वर करायला फुरसत नसायची. बाकीचं वर्ष पँटी आखूड करणं, चेन बदलणं, पडद्यांना शिवण घालणं यात जायचं. गळ्यात टेप कायम. स्वयंपाक करतानाही तो काढायचं त्यांच्या ध्यानात राहत नसे, म्हणून मापाला येणाऱ्या पोरींनी त्यांचं नाव टेपमावशी ठेवलं होतं.

त्यांचा नवरा वीज खात्यात मीटर वाचायला होता. तो म्हणायचा, "आमच्या घरात दोघंही आकडे वाचून पोट भरतो. फरक इतकाच, की मला बघून लोक दार लावून घेतात आणि हिला बघून पोट आत घेतात."

जिम्नॅस्टिकचे कॉश्च्यूम शिवायला मावशी लागल्या त्या योगायोगानंच. एक बाई मुलीचा फाटलेला कॉश्च्यूम घेऊन आली. असलं ताणलं जाणारं कापड मावशींनी तोवर हातात धरलं नव्हतं. साध्या सुईनं टाका सुटत होता, कापडाला भोकं पडत होती. त्यांनी जुन्या दुकानदारांना विचारून विचारून बोथट टोकाची सुई मिळवली, चिंध्यांवर आठवडाभर हात बसवला आणि मग तो कॉश्च्यूम असा सांधला की शिवण कुठली ते त्या बाईला सापडेना. बाईनं दहाजणींना सांगितलं. दोन वर्षांत गावातल्या जिम्नॅस्टिक संस्थेचं सगळं काम मावशींकडे आलं.

दर हंगामाच्या सुरुवातीला दोन रविवार त्या संस्थेच्या हॉलवर मापं घ्यायला जायच्या. जिन्याखाली जाड गाद्या ठेवायची खोली होती, तिथे पडदा लावून एकेका मुलीला आत घ्यायचं. कॉश्च्यूमला सहा मापं लागतात. खांदा, छाती, कंबर, सीट, बाही आणि फेरा. फेरा म्हणजे एका खांद्यावरून टेप खाली सोडायचा, पायांमधून मागे न्यायचा आणि पाठीवरून परत त्याच खांद्यावर आणायचा. हे माप चुकलं तर मुलीनं उडी मारली की कॉश्च्यूम खांद्यात रुततो. फेरा घेताना मावशी टेपचं टोक मुलीच्याच हातात द्यायच्या. "तुझं तू घे गं, मी नुसता आकडा वाचते," म्हणायच्या. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. लहानपणी कुणीतरी आपल्याशी कसं वागायला हवं होतं हे ज्याचं त्याला कळत असतं, तेवढ्यावरून त्यांनी ते ठरवलं होतं.

संस्थेतले मुख्य प्रशिक्षक, ज्यांना सगळं गाव नुसतं 'सर' म्हणायचं, ते पन्नाशीला आलेले, आवाज कधी न चढवणारे गृहस्थ होते. त्यांच्या हाताखालच्या मुलींनी आणलेल्या पदकांचे फोटो हॉलच्या एका अख्ख्या भिंतीवर होते. मावशी गठ्ठा घेऊन गेल्या की सर स्वतः उठून खुर्ची पुढे करायचे. वाईट माणूस तोंडावरून ओळखू येतो असं आपल्याला वाटतं. मावशींनाही तसंच वाटायचं.

त्या संस्थेत बारा वर्षांची एक मुलगी होती. बारवर सरसर चढायची म्हणून तिला सगळे खारूताई म्हणत, आणि घाईच्या वेळी नुसतं खारू. मापं घेताना तिची टकळी अखंड चालू असायची. शाळेतल्या बाई, शेजारचं कुत्रं, आपला पडलेला दात, काही सुटायचं नाही. त्या वर्षी ती पडद्याआड आली आणि गप्प उभी राहिली. मावशींनी वही उघडली, पेन्सिलीला टोक केलं आणि वर बघितलं, तर पोरगी टी-शर्ट काढायला लागली होती.

"अगं अगं, असू दे अंगात," मावशी हसून म्हणाल्या. "माप कपड्यांवरूनच घेतात. दरवर्षी कसं घेते मी?"

खारूनं टी-शर्ट खाली ओढला. जमिनीकडे बघत म्हणाली, "सर म्हणतात, कपड्यांवरून माप चुकतं."

"सर कशाला माप घेतात?"

"महिन्यातून एकदा घेतात. त्यांच्या खोलीत. वाढ मोजायला." जरा थांबून म्हणाली, "मावशी, या वर्षी माझा गळा वर घ्याल? आणि बाही मनगटापर्यंत?"

मावशींनी होकार दिला. सहा मापं घेतली.  पुढची मुलगी आली, मग तिच्यापुढची. त्या दिवशी त्यांनी एकवीस मुलींची मापं घेतली आणि घरी आल्यावर पाहिलं तर वहीत खारूच्या पुढे आकडे बरोबर होते, पण नंतरच्या चार जणींचे खांदे आणि कमरा एकमेकींच्या जागी लिहिल्या गेल्या होत्या.

आता इथे गोष्ट सांगणाऱ्यानं मावशींची बाजू घेऊन चालणार नाही, कारण त्यांनी स्वतः ती कधी घेतली नाही. त्या एकोणीस दिवस गप्प बसल्या. स्पर्धा तोंडावर होती, चाळीस कॉश्च्यूम शिवायचे होते. आपण चुकीचं ऐकलं असेल, असं त्या मनाला समजावत होत्या. खेळात असेल काही वाढीचं मोजमाप, आपल्याला काय कळतं त्यातलं. पण कात्री हातात धरली की वाटायचं, इतकी वर्षं आपण दुसरं केलंय काय? जगातलं आपल्याला दुसरं काही कळत नसेल, माप तर कळतं. कुठल्याही कामाला, कुठल्याही कापडाला, दार लावून आणि कपडे काढून माप घ्यावं लागत नाही.

कॉश्च्यूम अंगावर घालून बघायच्या दिवशी त्यांनी आणखी दोघींना सहज म्हणून विचारलं, सर तुमचंही माप घेतात का गं? एक जण रडायला लागली. दुसरीनं विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

त्या संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं. एरवी प्रत्येक गोष्टीवर काहीतरी चिमटा काढणारा तो माणूस या वेळी उठून रजेचा अर्ज लिहायला बसला. मग म्हणाला, "उद्या जा. मी रजा टाकतो, बाहेर बाकावर बसतो."

संस्थेचे सेक्रेटरी सज्जन म्हणून प्रसिद्ध होते. त्यांची खोली वरच्या मजल्यावर, काचेच्या कपाटात ढाली, टेबलावर स्वच्छ पुसलेली काच. त्यांनी मावशींना चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही तोडलं नाही. मावशींना वाटलं, सुटलो. मग सेक्रेटरी म्हणाले, हे गंभीर आहे, लेखी द्या. दुसऱ्या दिवशी मावशींनी लेखी दिलं. नवऱ्यानं त्यांच्याकडून एकेक वाक्य वदवून घेतलं आणि मीटरच्या वहीतल्यासारख्या सुटसुटीत अक्षरात उतरवलं. एक पान झालं.

आठ दिवसांनी समिती बसली. सेक्रेटरी, खजिनदार आणि एक बाई, ज्यांची मुलगी पूर्वी सरांच्या हाताखाली खेळून मोठी झाली होती. त्यांनी मावशींना एकच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारला.

"तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी काही पाहिलंत का?"

"नाही. मुलींनी सांगितलं."

"म्हणजे ऐकीव."

"साहेब, पोरगी माझ्यासमोर कपडे काढायला लागली ते मी डोळ्यांनीच पाहिलं. तिला कुणी सवय लावली असेल?"

खजिनदारांनी यातलं काय लिहून घेतलं ते मावशींना दिसलं नाही. मग खारूला बोलावलं. एकटीला, पाच मोठ्या माणसांपुढे, कारण संस्थेचे वकील आणि आणखी एक सभासदही येऊन बसले होते. सर शेजारच्या खोलीत होते आणि मधलं दार अर्धवट उघडं होतं. तुला सरांचा काही त्रास आहे का, असं विचारल्यावर बारा वर्षांची मुलगी 'नाही' म्हणाली. यावर समितीला हायसं वाटलं. सरांनी खुलासा दिला की वाढीचा तक्ता ठेवावा लागतो, पण कुणाच्या मनात किंतु येत असेल तर आपण तो बंद करू. आठवड्याभरात हॉलच्या दारापाशी एक नोटीस लागली: 'यापुढे खेळाडूंची मापं फक्त संस्थेनं नेमलेल्या टेलरनंच घ्यावीत.' खाली सेक्रेटरींची सही. प्रकरण मिटलं.

पुढच्या हंगामात नेमलेला टेलर बदलला. कॉश्च्यूम बाहेरच्या एका कंपनीकडून तयार येऊ लागले. मावशींना कुणी कामावरून काढलं नाही, नुसतं बोलावलं नाही.

पण त्याआधी, नोटीस लागली त्याच संध्याकाळी, मावशी खारूच्या घरी गेल्या होत्या. खारूची आई दवाखान्यात नर्स होती. नुकतीच ड्यूटी संपवून आली होती, पायातल्या पांढऱ्या चपलाही काढल्या नव्हत्या. समितीनं मुलीला बोलावल्याचं तिला कुणी कळवलंच नव्हतं. मावशी सांगत गेल्या तसा तिचा चेहरा दगडासारखा झाला.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं मध्ये पडायला?" ती म्हणाली. "तिचा बाप इथे नसतो. उद्या गावभर बोभाटा झाला तर पोरीला घेऊन मी कुठे जाऊ?"

आणि तिनं दार लावून घेतलं.

मावशी नवऱ्याला घेऊन पोलीस चौकीतही गेल्या. तिथल्या अधिकाऱ्यानं विचारलं, मुलगी तुमची कोण? कोणी नाही म्हटल्यावर त्यानं पेन खाली ठेवलं. तक्रार आई-बापांनी करावी, असं म्हणाला, आणि संस्थेला फोन करून विचारतो, असंही म्हणाला. त्यानं फोन केला असावा. कारण दोन दिवसांत गावात कुजबुज सुरू झाली की काम जाणार म्हणून टेलरबाई सरांवर राळ उडवतात. कोल्ह्याला द्राक्षं आंबट.

"निदान कोल्हा तरी म्हणाले," नवरा म्हणाला. "हुशार प्राणी आहे."

यानंतर मावशींनी जे केलं ते फार मोठं नव्हतं, आणि त्यांना त्याचं कौतुकही नव्हतं. संस्थेत मुलगी असलेली कोणतीही आई दुकानात आली, की त्या हातातलं काम थांबवायच्या आणि सांगायच्या, पोरीला सरांच्या खोलीत एकटी पाठवू नका. का, ते एका वाक्यात सांगायच्या. काही बाया खाली मान घालून ऐकायच्या. काहींना राग यायचा आणि त्या परत यायच्या नाहीत. एकीनं तर अर्धवट शिवलेला गणवेश तसाच उचलून नेला. तिघींनी आपल्या मुली काढून घेतल्या, बाकीच्यांनी घेतल्या नाहीत, कारण भिंतीवर पदकांचे फोटो वाढतच होते आणि एका टेलरबाईच्या शब्दाला त्यापुढे किती वजन येणार?

अशी सहा वर्षं गेली. नवरा निवृत्त झाला आणि दुकानात बसून काजं-बटणं करू लागला. मग एका सकाळी पेपरात बातमी आली. दुसऱ्या गावाहून संस्थेत आलेल्या एका दहा वर्षांच्या मुलीचा बाप, जो ट्रक चालवायचा, त्यानं सेक्रेटरींना विचारलं नाही, समितीची वाट पाहिली नाही. तो मुलीला घेऊन थेट मोठ्या पोलीस कचेरीत गेला होता. सरांना अटक झाली होती. बातमीच्या शेवटी संस्थेचं म्हणणं छापलं होतं: आम्हाला धक्का बसला आहे, याआधी अशी एकही तक्रार आमच्याकडे आलेली नव्हती.

मावशींनी पेपर घडी करून मशिनवर ठेवला आणि त्या दिवशी कोणालाही कपडे दिले नाहीत.

चौथ्या दिवशी दुपारी दुकानाच्या दारात एक उंच मुलगी उभी राहिली. मावशींनी तिला ओळखलं नाही. नवऱ्यानं ओळखलं. "ये गं खारूताई," म्हणाला, बटणांचा डबा उचलला आणि आत निघून गेला.

ती अठरा वर्षांची झाली होती. नोटीस लागल्यानंतर पुन्हा कधी हॉलवर गेली नव्हती. कॉलेजात हिशेबाचं काहीतरी शिकत होती. स्टुलावर बसली आणि सरळ मुद्द्यावर आली. ती पोलिसांकडे जबाब द्यायला जाणार होती, मावशी येतील का?

"येईन," मावशी म्हणाल्या.

"मी तेव्हा नाही म्हटलं होतं. ते लोक तेच काढतील."

"तू बारा वर्षांची होतीस आणि तो भिंतीपलीकडे बसला होता. तुझं 'नाही' त्यांना हवं होतं म्हणून त्यांनी तसं विचारलं." मावशींनी गळ्यातला टेप काढला आणि बोटांभोवती गुंडाळू लागल्या. "पण तुला एक सांगायचं राहिलंय. तू मला सांगितलंस त्यानंतर मी एकोणीस दिवस काही केलं नाही. कॉश्च्यूम शिवत बसले."

 रस्त्यावरून गॅसच्या टाक्यांची गाडी वाजत गेली.

"त्या एकोणीस दिवसांत त्यांनी मला दोनदा बोलावलं होतं," ती म्हणाली.

मावशींनी मान हलवली. माफ कर, असं म्हणायला त्यांचं तोंड उघडेना. म्हटलं असतं तर पोरीवर 'असू दे' म्हणायची जबाबदारी आली असती. खारूही तसं काही म्हणाली नाही. उठताना एवढंच म्हणाली, "सोमवारी दहा वाजता. मी इथूनच तुम्हाला घेऊन जाईन."

खटला दोन वर्षं चालला. खारूसारख्या आणखी सात जणी पुढे आल्या. त्यातल्या चार खारूनंतरच्या, म्हणजे मावशींचं एक पान संस्थेत पोचल्यानंतरच्या होत्या. हा आकडा मावशींना सरकारी वकीलबाईंनी सांगितला, आणि नंतर पुष्कळ दिवस त्यांच्या हातून सरळ शिवण पडेना.

ते एक पान संस्थेच्या कपाटात सापडलं नाही. सेक्रेटरींना ते आठवतही नव्हतं. पण संस्थेनं आपल्या पंचवीस वर्षांच्या निमित्तानं एक गुळगुळीत पुस्तिका छापली होती, आणि तिच्यात हॉलच्या दारापाशी ढाल घेऊन उभ्या असलेल्या मुलींचा फोटो होता. त्यांच्या डोक्यांवर ती नोटीस, सहीसकट, स्पष्ट वाचता येत होती. काही कळलंच नव्हतं तर टेलरशिवाय इतरांना मापं घ्यायला बंदी कशासाठी घातली, असं न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा सेक्रेटरींनी पाणी मागितलं.

मावशींची साक्ष बंद दारामागे झाली. सरांच्या वकिलानं त्यांना काम गेल्याबद्दल विचारलं, आलेला राग विचारला, शिक्षण विचारलं. आठवी, मावशी म्हणाल्या. मग त्यानं सुचवलं, की खेळातल्या शास्त्रीय मोजमापाबद्दल त्यांना काही माहिती असायचं कारण नाही.

"शास्त्र मला माहीत नाही," मावशी म्हणाल्या. "पण मी तीस वर्षांत हजारो पोरांची मापं घेतलीत. अंगातल्या कपड्यांवरून घेतलीत, पडदा असला तरी दार उघडं ठेवून घेतलीत, आणि आजवर एकाचाही कपडा त्यापायी बिघडला नाही. ज्याला दार लावावं लागतं, तो माप घेत नसतो."



सरांना चौदा वर्षांची शिक्षा झाली. समितीतल्या कुणालाच झाली नाही. सेक्रेटरींनी तब्येतीचं कारण देऊन राजीनामा दिला, आणि पुढचं आताच सांगून टाकायचं तर, दीड वर्षात ते गावातल्या वाचनालयाचे अध्यक्ष झाले. चौकीतल्या त्या अधिकाऱ्याची तोवर बढती होऊन बदली झाली होती. संस्थेच्या नव्या मंडळानं मावशींना पत्र पाठवून काम परत देऊ केलं. मावशींनी आधी जाऊन हॉल बघितला. प्रशिक्षकांच्या खोलीच्या दाराला काच बसवली होती आणि मुलींच्या आया सराव चालू असताना बाकांवर बसल्या होत्या. तरीही त्यांनी नाही म्हणून कळवलं. ताणाच्या कापडाला आता डोळे साथ देत नाहीत, असं कारण दिलं, आणि ते निम्मं खरं होतं.

निकालाच्या दिवशी मात्र तो राजीनामा आणि ते पत्र, दोन्ही अजून पुढेच होतं. कोर्टातून ते चौघं एकत्र बाहेर पडले: मावशी, त्यांचा नवरा, खारू आणि खारूची आई. आनंद म्हणावा असं कुणालाच काही वाटत नव्हतं, भूक मात्र सगळ्यांना लागली होती. बसस्टँडवर त्यांनी उभ्या उभ्या काहीतरी खाऊन घेतलं. बसमध्ये खारूला खिडकी मिळाली आणि ती दहा मिनिटांत झोपली. तिची आई तिच्या आणि मावशींच्या मध्ये बसली होती. त्या संध्याकाळनंतर दोघींचं कामापुरतंच बोलणं झालं होतं.

"तुम्ही आला होतात तेव्हा मी तोंडावर दार लावलं," नर्सबाई समोर बघत म्हणाली. "आठ वर्षं झाली. तुम्हाला भेटून सांगावं असं कितीदा वाटलं, आणि दर वेळी पाय मागे घेतला."

"लावलंत खरं," मावशी म्हणाल्या. "पण दुसऱ्या दिवसापासून तुम्ही पोरीला तिथे पाठवलं नाहीत, ताई. मी पान लिहिलं, त्यांनी समिती बसवली, नोटीस लावली, चौकीतल्यानं फोन केला. एवढ्या सगळ्यात तिच्या बाबतीत ते थांबवलं ते तुम्ही एकटीनं."

नर्सबाईनं पदराचं टोक तोंडाला लावलं. पुढच्या बाकावरून मावशींच्या नवऱ्यानं मागे न बघता पाण्याची बाटली दिली. बस वळणं घेत होती, खारूची मान डुलत होती आणि प्रत्येक वळणाला तिची आई हात पुढे करून तिचं डोकं खिडकीच्या दांडीपासून अलीकडे घेत होती.